भाकरीतले जस्त अंगी लागते किती : एका शोषण-समीकरणाचे प्रकरण

ताट असे आहे. दिवसभरात ३०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या, ४० ग्रॅम तूरडाळीचे वरण, २० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, १५० मिलिलीटर दूध, आणि दोन वेळा पालेभाजी किंवा वांगे. मांस-अंडी नाहीत. जेवणारी ५५ किलो वजनाची प्रौढ बाई, गरोदर नाही आणि अंगावर पाजतही नाही. हे ताट हिशेबासाठी मांडलेले आहे, पण बीड-अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात ते कोणालाही परके वाटणार नाही. प्रश्न एकच: या ताटातून तिला पुरेसे जस्त, म्हणजे झिंक, मिळते का?

आधी बेरीज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम बाजरीत सुमारे २.७६ मिग्रॅ जस्त आणि ४८५ मिग्रॅच्या आसपास फायटेट असते. म्हणजे भाकरीतून ८.३ मिग्रॅ जस्त. डाळीचे १.१, कुटाचे ०.६, दुधाचे आणि भाज्यांचे प्रत्येकी अर्धा धरले की एकूण ११ मिग्रॅ. फायटेट भाकरीतून १,४५५ मिग्रॅ. डाळ, कूट आणि भाजीचे मिळून ३४५ धरले, एकूण १,८०० मिग्रॅ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीची सरासरी गरज ११ मिग्रॅ आणि शिफारस केलेले प्रमाण १३.२ मिग्रॅ आहे. कागदावर ही बाई बरोबर सीमारेषेवर उभी आहे.

पण ताटात असणे वेगळे आणि रक्तात पोहोचणे वेगळे. फायटेट म्हणजे धान्याने आणि कडधान्याने स्फुरद साठवून ठेवण्याचे रूप. त्याच्या रेणूला फॉस्फेटचे सहा हात असतात आणि ते लहान आतड्यात जस्ताला धरून ठेवतात. धरलेले जस्त आतड्याच्या पेशीत शिरत नाही, विष्ठेवाटे निघून जाते.

याचा अंदाज घेण्याची जुनी रीत गुणोत्तराची. फायटेटचे मिलिमोल भागिले जस्ताचे मिलिमोल करायचे. मिलिग्रॅमला फायटेटच्या रेणुभाराने (६६०) किंवा जस्ताच्या अणुभाराने (६५.४) भागले की मिलिमोल मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हे गुणोत्तर ५ च्या आत असेल तर सुमारे ५० टक्के जस्त शोषले जाते असे धरतात, ५ ते १५ असेल तर ३० टक्के, १५ च्या वर गेले तर १५ टक्के. आपल्या ताटात फायटेट १,८०० ÷ ६६० = २.७३ मिलिमोल, जस्त ११ ÷ ६५.४ = ०.१६८ मिलिमोल, म्हणून गुणोत्तर १६.२. शोषण १५ टक्के, म्हणजे १.६५ मिग्रॅ. आता याच ताटातले थोडे कूट कमी करा, जरा आंबवा, गुणोत्तर १४.९ वर आणा. शोषण एकदम ३० टक्के, म्हणजे ३.३ मिग्रॅ. चिमूटभर बदलाने दुप्पट! आतडे असे पायऱ्यांनी चालत नाही. ही वर्गवारी ढोबळ धोरणासाठी ठीक आहे, एका ताटाचा निकाल लावायला ती मुळीच पुरत नाही.

हीच उणीव भरून काढणारे समीकरण कोलोरॅडो विद्यापीठातल्या लेलंड मिलर, नॅन्सी क्रेब्स आणि मायकेल हॅम्बिज यांनी २००७ मध्ये मांडले. २०१० मध्ये जास्त माहितीवर त्याचे स्थिरांक पुन्हा ठरवले गेले. इथे तेच नवे आकडे वापरले आहेत. या कामातली सर्वात मोलाची गोष्ट अशी की त्यांनी ठिपक्यांमधून जुळेल ती वक्ररेषा काढली नाही. आतड्यात काय घडते त्याचे रसायन आधी मांडले आणि समीकरण त्यातून निघू दिले.

ते रसायन असे. आतड्याच्या पेशींवर जस्त आत घेणारी वाहक प्रथिने असतात, त्यांतले मुख्य झिप-४. त्यांची संख्या मर्यादित. जस्ताचा अणू एक तर वाहकाला चिकटेल, एक तर फायटेटला चिकटेल, नाही तर मोकळा राहील. दोन्ही बंध सुटू शकतात, त्यामुळे त्यांच्यात समतोल असतो. शोषलेले जस्त श, आहारातले जस्त ज, फायटेट फ आणि वाहकांची दिवसाची कमाल क्षमता म मानली, तर सगळे एका ओळीत बसते:

(म − श) × (ज − श) = क × श

डावीकडे रिकामे वाहक गुणिले न शोषलेले जस्त, उजवीकडे वाहकावर बसलेले जस्त गुणिले एक स्थिरांक. फायटेटचा सगळा उपद्रव त्या ‘क’मध्ये आहे:

क = ०.०३३ × (१ + फ ÷ ०.६८)

आणि म = ०.०९१. सर्व आकडे दिवसाला मिलिमोलमध्ये. फायटेट शून्य असेल तर क ०.०३३ राहतो. ०.६८ मिलिमोल, म्हणजे सुमारे ४५० मिग्रॅ फायटेट आले की तो दुप्पट होतो. जैवरसायन शिकलेल्यांना यात स्पर्धक अवरोधाचा ओळखीचा चेहरा दिसेल. कमाल क्षमता ०.०९१ मिलिमोल म्हणजे सुमारे ६ मिग्रॅ. आहारात कितीही जस्त ओतले तरी प्रौढ माणसाचे शोषण या छताच्या वर जाणार नाही, असे हे समीकरण सांगते.

‘श’ काढण्यासाठी वर्गसमीकरण सोडवावे लागते. ब = म + ज + क घेतले की

श = ½ × [ब − √(ब² − ४ × म × ज)]

आपल्या ताटाचे आकडे घालू. क = ०.०३३ × (१ + २.७२७ ÷ ०.६८) = ०.१६५, म्हणजे फायटेट नसतानाच्या पाचपट. ब = ०.०९१ + ०.१६८ + ०.१६५ = ०.४२५. ब² − ४ × म × ज = ०.११९, त्याचे वर्गमूळ ०.३४५. श = ०.०३९८ मिलिमोल. याला ६५.४ ने गुणले की २.६ मिग्रॅ. शोषण २३.७ टक्के. वर्गमुळापुढे उणेच्या जागी अधिक चिन्ह पडले तर उत्तर ०.३८५ मिलिमोल येते, म्हणजे खाल्ल्यापेक्षा शोषलेले जास्त. ते मूळ टाकून द्यायचे असते. तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सूत्र बसवताना कंस चुकला की हीच गफलत होते, म्हणून ‘श’ नेहमी ‘ज’ आणि ‘म’ या दोन्हींपेक्षा लहान आहे ना, ही तपासणी शेजारच्या रकान्यात कायमची लावून ठेवावी.

गरज किती? आतड्यातून, लघवीतून, घामातून, पाळीतून शरीर रोज जे जस्त गमावते तेवढे शोषले गेले पाहिजे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यासाठी वजनावर आधारलेले सूत्र वापरले: ०.६४२ + ०.०३८ × किलोतले वजन. ५५ किलोला २.७३ मिग्रॅ. ताट देते २.६०. तूट आहे, पण बारीक. वर्गवारीने ही तूट एका मिलिग्रॅमहून जास्त दाखवली होती.

समीकरण उलटेही फिरवता येते आणि प्रत्यक्ष कामात त्याचा फार उपयोग होतो. ज = श + क × श ÷ (म − श). ‘श’च्या जागी २.७३ मिग्रॅचे मिलिमोल, म्हणजे ०.०४१७ घातले, तर १,८०० मिग्रॅ फायटेटच्या ताटात ११.९ मिग्रॅ जस्त हवे असे उत्तर येते. आपल्याकडची ११ मिग्रॅची सरासरी गरज याच्या जवळ आहे.

आता गुणोत्तराचा खरा दोष पाहा. ताट अर्धे करा: ५.५ मिग्रॅ जस्त, ९०० मिग्रॅ फायटेट. गुणोत्तर तेच, १६.२. समीकरण म्हणते शोषण २.०६ मिग्रॅ, म्हणजे ३७.५ टक्के. पूर्ण ताटात ते २३.७ टक्के होते. गुणोत्तर बदललेले नाही आणि टक्का मात्र दीडपटीहून जास्त चढला. कारण दोन आहेत. वाहक कमी भरले, आणि वाहकाशी स्पर्धा करणारे फायटेटही एकूणात कमी झाले. आतड्याला गुणोत्तर कळत नाही, त्याला फक्त किती आले ते कळते. म्हणून ‘अमुक अन्नातले इतके टक्के जस्त शोषले जाते’ हे वाक्य मात्रा सांगितल्याशिवाय लिहूच नये. अर्धे ताट चांगले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. टक्का वाढला तरी पदरात २.६ ऐवजी २.०६ मिग्रॅच पडले.

चुका कुठे होतात हे नीट सांगायला हवे, कारण त्यांतल्या काही चुका पटण्यासारखे उत्तर देतात. सगळ्यात घातक एककाची. ११ आणि १,८०० हे मिलिग्रॅमचे आकडे तसेच सूत्रात घातले तर श = ०.०१०२ येतो. हे मिलिग्रॅम समजले तर हास्यास्पद दिसते आणि चूक पकडली जाते. पण सवयीने ६५.४ ने गुणले तर ०.६७ मिग्रॅ येते, आणि जास्त फायटेटच्या आहारात एवढेच शोषण होत असेल असे कोणालाही वाटू शकते. तूट प्रचंड दिसते, अहवाल तसा लिहिला जातो.

दुसरी चूक वेळेची. ०.०९१ ही क्षमता पूर्ण दिवसाची आहे, कारण स्थिरांक दिवसभराच्या आहाराच्या मोजमापांवरून काढले आहेत. तेच ताट तीन जेवणांत वाटून, प्रत्येक जेवणाला सूत्र लावून बेरीज केली, तर प्रत्येकी १.६८ आणि एकूण ५.०४ मिग्रॅ येते. जवळजवळ दुप्पट. असे केल्याने वाहकांची क्षमता नकळत तिप्पट धरली जाते. एकाच जेवणाचे किंवा गोळीचे शोषण या स्थिरांकांनी काढू नये.

तिसरी चूक फायटेटच्या नोंदीत लपलेली असते. जुन्या भारतीय तक्त्यांत फायटेट नसते, फायटिन-स्फुरद असते. फायटिक आम्लात स्फुरद २८.२ टक्के असते, म्हणून त्या आकड्याला ३.५५ ने गुणावे लागते. गुणायचे राहिले तर फायटेट साडेतीन पटींनी कमी भरते आणि ताट निर्धास्त दिसते. आंबवलेल्या पदार्थात याच्या उलट होते. आंबवताना सहा फॉस्फेटांचे फायटेट तुटून पाच, चार, तीन फॉस्फेटांची रूपे होतात. त्यांतली लहान रूपे जस्ताला फारसे अडवत नाहीत, पण एकूण स्फुरदावरून फायटेट काढणारी पद्धत त्यांनाही मोजते. सहा आणि पाच फॉस्फेटांची रूपे वेगळी काढणारी द्रव-वर्णलेखनाची पद्धत अशा वेळी लागतेच.

नमुन्यात बाहेरचे जस्त शिरणे हा तर रोजचा धोका. ताटाची हुबेहूब दुसरी प्रत गोळा करून ती मिक्सरमध्ये एकजीव करतात, सुकवतात, ४५० अंश सेल्सियसला राख करतात, आम्लात विरघळवून २१३.९ नॅनोमीटरवर अणुशोषण मापकात वाचतात. या साखळीत जस्ताचा मुलामा असलेली चाळण, पत्र्याची बादली किंवा रबरी हातमोजा कुठे आला की आकडा फुगतो. रबर पक्के करताना झिंक ऑक्साइड वापरतात, म्हणून मोजेही साधेच पण जस्तमुक्त हवेत. प्रत्येक खेपेला अन्न न घालता पाण्याचा कोरा नमुना याच सगळ्या भांड्यांतून फिरवावा. तो कोरा निघाला नाही तर ती खेप रद्द करावी, वजावट करून वाचवू नये.

आता ताट सुधारायचे ठरले तर दोन दोऱ्या हातात आहेत: जस्त वाढवणे किंवा फायटेट घटवणे. पहिलीसाठी महाराष्ट्रात थेट साधन आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कामातून आलेली ‘धनशक्ती’ ही लोहसमृद्ध बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्या दाण्यात किलोला सुमारे ४० मिग्रॅ जस्त असते. ३०० ग्रॅम पीठ या बाजरीचे घेतले तर ताटातले जस्त १४.७ मिग्रॅ होते. शोषण ३.०८ मिग्रॅ. खाण्यात ३.७ मिग्रॅ वाढ, शोषणात ०.४८, म्हणजे वाढीव जस्तातले १३ टक्केच आत गेले. तेवढ्यानेही बाई गरजेच्या पार जाते.

दुसरी दोरी स्वयंपाकघरात. भाकरीचे पीठ मळले की लगेच थापतात, तव्यावर टाकतात. दाण्यातल्या, फायटेट तोडणाऱ्या फायटेज विकराला (एन्झाइमला) काम करायला वेळच मिळत नाही. आंबिलीचे तसे नसते. पीठ ताकात रात्रभर भिजते, आम्लता वाढते, विकर जागे होते. मोड आणून दळलेल्या धान्यातही हेच होते. दिवसाचे फायटेट ३० टक्क्यांनी घटून १,२६० मिग्रॅ झाले असे धरले, तर जस्त ११ मिग्रॅच ठेवून शोषण २.९५ मिग्रॅ होते. दोन्ही केले तर ३.४४. अख्खे धान्य भिजवून पाणी ओतून देणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की त्या पाण्याबरोबर थोडे जस्तही जाते. कोंडा काढून फायटेट घटवताना तर जस्ताचा तोटा आणखी मोठा. ‘फ’ बदलला की ‘ज’ही पुन्हा मोजून घालावा लागतो.

या आकड्यांवर किती भार टाकावा? बाजरीतले फायटेट वाण आणि जमिनीप्रमाणे बदलते. आपले १,८०० हे २० टक्क्यांनी इकडे-तिकडे सरकवले तर शोषण २.४२ ते २.८२ मिग्रॅच्या दरम्यान हलते. जस्त १० टक्क्यांनी सरकवले तर २.४३ ते २.७६. गरजेचा २.७३ हा आकडा दोन्ही पट्ट्यांच्या आत पडतो. त्यामुळे ‘या बाईला जस्ताची कमतरता आहे’ असे या गणितावरून लिहिणे चूक ठरेल. ‘हे ताट काठावर आहे आणि धनशक्तीची बाजरी त्याला काठाच्या पार नेते’ एवढे मात्र ठामपणे लिहिता येते. धनशक्तीच्या ताटात तीच २० टक्क्यांची ओढाताण केली तरी शोषण २.७३ च्या खाली येत नाही.

समीकरण लावायचे कुठे नाही, हे बेळगावच्या मोजमापांनी दाखवले. तिथे सुमारे दोन वर्षांच्या ४० मुलांना बाजरीचे शिरा, उपमा, रोटी असे पदार्थ दिले गेले. काहींना जैवसमृद्ध, म्हणजे दाण्यात लोह-जस्त जास्त असलेल्या वाणाच्या बाजरीचे, काहींना साध्या. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मोजमापात जस्ताची स्थिर समस्थानिके वापरतात, म्हणजे किरणोत्सर्ग नसलेली. नेहमीच्या रीतीत एक अन्नातून आणि दुसरे शिरेतून देतात आणि काही दिवसांनी लघवीतल्या दोघांच्या प्रमाणावरून शोषलेला अंश काढतात. साध्या बाजरीच्या गटाने त्या जेवणांतून दिवसाला सुमारे ३.३ मिग्रॅ जस्त खाल्ले आणि ०.६७ मिग्रॅ शोषले. जैवसमृद्ध गटाने ५.८ खाल्ले, ०.९५ शोषले.

प्रौढांचे स्थिरांक याच आकड्यांना लावून पाहू. मुलांनी दिवसाला सरासरी ८४ ग्रॅम पीठ खाल्ले. त्यातले फायटेट ४२० मिग्रॅ धरले तर समीकरण १.६७ आणि २.५९ मिग्रॅ असे भाकीत करते. प्रत्यक्षाच्या सुमारे अडीच ते पावणेतीन पट. मुलाचे आतडे लहान, वाहकांची एकूण क्षमता लहान, आणि ०.०९१ ही मोठ्या माणसाची आहे. फरक तेवढ्यावर थांबत नाही. मिलर, हॅम्बिज आणि क्रेब्स यांनी २०१५ मध्ये अर्भके आणि लहान मुलांची अनेक अभ्यासांतली माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा त्या वयात फायटेटचा परिणाम दिसलाच नाही. प्रौढांमध्ये ज्या फायटेटने ‘क’ पाचपट केला, त्याला बालकांच्या समीकरणात जागाच मिळाली नाही.

अंगणवाडीच्या आहाराचा हिशेब करणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या ताटाला ०.०९१, ०.०३३ आणि ०.६८ हे आकडे वजनाच्या प्रमाणात लहान करून लावू नयेत, आणि प्रौढांच्या सूत्रावर विसंबून आधी फायटेट घटवण्याच्या मागे लागू नये. तिथे खाण्यातले जस्त वाढवणे ही दोरी मोजून सिद्ध झालेली आहे. बेळगावात २.५ मिग्रॅ जास्त जस्ताने ०.२८ मिग्रॅ जास्त शोषले गेले, म्हणजे ११ टक्के, आपल्या प्रौढ ताटातल्या १३ टक्क्यांच्या जवळच. अमेरिकी मानकांत एक ते तीन वर्षांच्या मुलाची शोषलेल्या जस्ताची गरज सुमारे ०.७४ मिग्रॅ आहे. साध्या बाजरीची ती जेवणे त्याच्या जरा खाली राहिली आणि जैवसमृद्ध बाजरीची वर गेली.